सोडलेल्या सळया

रविवार उजाडला तो धुक्यातच. मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावाला ऑगस्टात हे नेहमीचंच. रात्रभर खडकांवर आपटणाऱ्या समुद्राचे तुषार उसाच्या पात्यांवर येऊन बसतात आणि ऊन वर येईपर्यंत गाव अर्धं असतं, अर्धं नसतं. भगवतीला गावाचं हेच रूप सगळ्यात प्रिय. जे नाही ते त्या नसलेल्या अर्ध्यात बसवून टाकता येतं. ही खोड तिला लहानपणापासूनची. लोक झोपेत स्वप्नं बघतात, ती चुलीवर भात ठेवून बघायची, आणि भात करपला की आई म्हणायची, "आमची भगू जागेपणी फिरून येते."

आता साठी उलटून गेल्यावर ती शिडी चढून मंडळीच्या, म्हणजे गावातल्या मराठी माणसांच्या संस्थेच्या, घरावर उभी होती, हातात हळदकुंकवाचं तबक. घर म्हणजे अजून नुसत्या भिंती आणि खांब, वर फळ्यांचा तक्ता आणि तक्त्यावर सळयांची जाळी. पण भगवतीला फळ्यांच्या खालचं सगळं दिसत होतं. मागच्या खोलीत चटया अंथरल्या होत्या, चटयांवर पोरं झोपली होती, एकाचं नाक वाहत होतं, एकीच्या मुठीत बिस्कीट होतं.

आज त्या जाळीवर काँक्रीट पडायचं होतं. ह्या दिवसाला गावात कुलाज म्हणतात आणि कुलाजला आमंत्रण लागत नाही. तुम्ही ज्याच्या घरावर बादल्या वाहिल्या तो तुमच्या घरावर वाहणार. ह्याची नोंद कुणी ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. नियम एकच, ओतायला सुरुवात झाली की थांबायचं नाही. मधेच थांबलं तर जोड राहतो, आणि जोडातून नातवंडांच्या डोक्यावर पाणी गळतं.

जेर्वेज वादळाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. मंडळीची जुनी पत्र्याची बैठक, म्हणजे जमायची खोली, त्यानं उचलून पलीकडच्या उसात नेऊन टाकली होती. तेव्हापासून मंडळीनं आधी एकमेकांची छपरं घातली, एका रविवारी एक घर, आणि सगळ्यांची झाल्यावर स्वतःचं घर काढलं. पुढं बैठक, तिथं संध्याकाळी मराठीचा वर्ग आणि बायकांची शिलाई. बाजूला सभासदांच्या भाजीचं दुकान, म्हणजे गावची वांगी गावातच विकली जातील आणि जवान पोरं कामासाठी शहराकडं पळायची थांबतील. आणि मागं, उसात कामाला जाणाऱ्या बायकांच्या पोरांची खोली. ती भगवतीची. कित्येक वर्षं ती ही पोरं बदामाच्या झाडाखाली सांभाळत आली होती, आणि पाऊस आला की कुणाच्या तरी गोठ्यात नेत होती. गणपतीनंतर खोली उघडणार, असं तिनं एकेका आईला सांगून ठेवलं होतं. जागा तिच्या बाबांनी हयात असतानाच, गणपतीसमोर उभं राहून, मंडळीला देऊन टाकलेली. आता हे घर सगळ्यांचं होतं, म्हणजे कुणाही एकाचं नव्हतं.

कुंकू शिंपडत ती मागच्या कोपऱ्यावर आली आणि थबकली. तिच्या खोलीच्या बरोब्बर वर जाळीत एक लांबट भोक ठेवलं होतं. भोवती फळ्यांची पेटी ठोकलेली, माणूस आडवा झोपेल एवढी.

"तुळशा!"

तिचा धाकटा भाऊ तुलसीराम खाली मिक्सर धूत होता. बहिणीचा हा आवाज त्याला चांगला ठाऊक होता. तो शिडी चढून आला खरा, पण शेवटच्या दोन पायऱ्या राखून उभा राहिला.

"हे भोक कसलं? माज्या पोरांच्या डोक्यावर?"

"जिन्यासाठी, आक्का."

"जिना? आपल्या वर काय हाय, आभाळ? तितं कोण ऱ्हातं?"

"दादा," तुलसीराम म्हणाला आणि शिडीकडं बघत बसला.

घडलं होतं ते असं, आणि असं फक्त आमच्याच माणसांच्या हातून घडू शकतं. ह्या बेटावर घर बांधलं की खांबांच्या डोक्यावर सळया सोडून द्यायची रीत आहे. घर कितीही ठेंगणं असो, वर सळया उभ्या हव्यात. उद्या पोराचं लग्न होईल, तो वर बांधेल. ज्या घरावर सळया नाहीत त्या घराला लोक निपुत्रिक समजतात. चंद्रमोहन गवंड्यानं हाताच्या सवयीनं मंडळीच्या घरावरही पुरुषभर सळया सोडल्या. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं आणि का सोडल्या असं कुणी विचारलंही नाही. मग एके दिवशी व्हाकवा शहराहून कृष्णदेव आला, भगवतीच्या पाठचा, सरकारी नोकरीतला, बाबांच्या जमिनीवरून तुलसीरामशी बोलणं सोडलेला. रस्त्यावर गाडी उभी करून त्यानं त्या सळयांकडं पाहिलं, आणि तिथंच डोळे पुसत धाकट्या भावाला मिठी मारली. माझ्या पोरासाठी, नवीनसाठी सोडल्यास, म्हणाला. न मागता सोडल्यास.

"आन तू काय बोललास?"

"काय बोलणार? किती वर्सांनी गळ्यात पडला आक्का. मी गप ऱ्हायलो."

"तुजं गप ऱ्हाणं म्हंजे हो. लग्नाच्या वेळी बी तू असाच गप ऱ्हायलास, म्हणून निर्मला आली घरात."

"ते बरं झालं ना पन?"

"ते बरं झालं. हे न्हाय." तिनं तबक खाली ठेवलं. "आन माजी खोली?"

"जिना मागनंच काढाय लागतो. पोरांचं... बघू ना हळूहळू."

"हळूहळू" हा तुलसीरामचा आवडता शब्द. ह्याच शब्दात त्याच्या घरची न्हाणी कैक वर्षं भिजत पडली होती.

"सांग त्याला आजच. मंडळीचा प्रेझिदां तू हायस."

"तू सांग. मोठी तू हायस."

तेवढ्यात धुक्यातून हॉर्न ऐकू आला. पुढं कृष्णदेवची मॉरिस गाडी आणि तिच्यामागं एक लॉरी, लॉरीत व्हाकवाचे भाचे, मेहुणे, शेजारी, सगळे बाह्या वर केलेले. मंडळीच्या घराला आज जेवढे हात हवे होते त्यातले निम्मे त्या लॉरीतून उतरले. कृष्णदेव सर्वांत आधी उतरला. ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल. बहीण वर उभी दिसल्यावर तो पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा धडधड शिडी चढला आणि तिच्या पाया पडला.

"आक्का, इथं खिडकी काढायची," तो धुक्याकडं बोट दाखवत म्हणाला. "समुद्राकडं. संध्याकाळचा चहा तू वर येऊन प्यायचा. मी, तू, तुळशा. बाबा बसायचे तसं."

भगवतीनं त्याच्या बोटाकडं बघितलं, आणि घात झाला. तिला खिडकी दिसली. निळी तावदानं, खाली फिलाओची, म्हणजे सुरूची झाडं, तीन कप, आणि कृष्णदेव, तिचा किसना, पाय वर घेऊन बसलेला. दुसऱ्याचं स्वप्नसुद्धा तिला स्वतःच्या स्वप्नाइतकंच स्वच्छ दिसायचं, हा तिच्या खोडीचा वाईट भाग. म्हणायचं ते ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तुलसीरामला नावं ठेवणारी ती, स्वतःही मिठाची गुळणी धरून शिडी उतरली.

मिक्सर सुरू झाला. ओळ लागली. रेती, खडी, सिमेंट, पाणी, मग बादली, मग हात, मग पुढचा हात. ओळीत मंडळीचे लोक होते, शेजारचे भोजपुरी होते, किनाऱ्यावरचे कोळी होते, आणि कोण कुठला ते सिमेंटनं सगळे सारख्याच रंगाचे होईपर्यंतच कळत होतं. रेती लगूनमधली, तिच्यात बारीक शिंपले चमकत होते. धुकं विरलं तरी एक पांढरी धूळ हवेत तरंगत राहिली. तिच्यातून बादल्या वर जाताना लांबून असं वाटायचं की घर आपल्या आपणच वाढतंय.

बायका मागच्या अंगणात तीन दगडांवर देग चढवून बसल्या होत्या. गणपती जवळ आले म्हणून मांसमच्छी नाही, मसूर, भात आणि लाल भोपळा. कृष्णदेवची बायको कामिनी इस्त्रीच्या साडीत भोपळा चिरत होती. चिरताना तिची नजर सारखी वरच्या कोपऱ्याकडं जात होती.

"वन्सं, ते भोक बघितलंत?" ती हळूच म्हणाली.

"बघितलं."

"मला ते नको." कामिनीनं सुरी खाली ठेवली. "नवीन लोस्त्रालीला चाललाय. ऑस्ट्रेलियाला. मला सांगितलंय त्यानं, ह्यांना न्हाय. मग वर ऱ्हाणार कोण? मी आन हे. दिवसभर तो समुद्र ऐकत बसायचं! मो पा कापाव, मला न्हाय जमायचं, वन्सं. मला माझा बाजार पायजे, माझी शेजारीण पायजे."

तुलसीरामची निर्मला देग ढवळता ढवळता हसली. सुरिनामला नाक मुरडणारी ही थोरली जाऊ आज पहिल्यांदाच तिच्या बाजूची निघाली होती. "मग दादांना सांगा ना, ताई."

"मी? ते किती दिवसांनी असे हसतायत! आमच्या घरी रातच्याला सळयांचीच गोष्ट. वन्सं सांगतील. मोठ्या त्याच."

"व्हय, वन्संच सांगतील," निर्मलाही म्हणाली.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे तयार, फक्त घंटा भगवतीच्या हातात. तिला आधी राग आला आणि मग राग येऊन उपयोग नाही हे कळलं. तिनं वर बघितलं. ओली करडी स्लॅब पुढच्या बाजूनं निघाली होती आणि सावकाश मागं मागं सरकत होती. भरती बघत बसावं तसं ती बघत बसली. अर्धी बैठक झाली. दुकान झालं. आता थोड्या वेळानं काँक्रीट पेटीला टेकेल, चंद्रमोहन पेटीच्या कडेनं थापी फिरवेल, आणि ते भोक कायमचं होऊन जाईल. चटया, नाक वाहणारं पोर, बिस्किटाची मूठ, सगळं तिच्या डोळ्यांपुढून पुसट व्हायला लागलं. इतकी भीती तिला जेर्वेजच्या रात्रीसुद्धा वाटली नव्हती.

ती उठली. पदर खोचला. शिडी चढून, फळीवरून चालत, ती त्या पेटीत जाऊन मांडी घालून बसली.

"भगवतीमावशी," चंद्रमोहन थापी हातात घेऊन म्हणाला, "उठा. आलं काँक्रीट."

"येऊ दे."

"तुमच्यावर वतू?"

"वत. छप्पर तर होईल."

ओळीत कुणीतरी हसलं, पण बादल्या थांबल्या नाहीत. हात थांबवायची सोय नव्हती. तोंडांना मात्र कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळं बातमी बादलीच्या उलट दिशेनं खाली मिक्सरपर्यंत गेली, आणि कृष्णदेव हातातली बादली पुढच्याला देऊन वर आला.

"आक्का, तो फु? वेड लागलं काय? ऊठ!"

"वारा बरा लागतोय हितं. किसना, ह्याच्या खाली काय हाय, ठाव हाय तुला?"

"मागची खोली. सामानाची."

"सामान न्हाय. पोरं. उसातल्या बायकांची पोरं ऱ्हाणार हितं. जिना आला की खोली गेली. तुळशानं तुला सांगितलं न्हाय. सकाळी मी बी न्हाय सांगितलं, कारन तुजी खिडकी मला दिसली. लई छान व्हती." तिनं पदर पुन्हा घट्ट खोचला. "पन त्या सळया तुज्यासाठी न्हवत्या, किसना. कुनासाठीच न्हवत्या. चंद्रमोहननं सवयीनं सोडल्या."

कृष्णदेवनं भावाकडं बघितलं. तुलसीराम ओळीत होता, हातातल्या बादलीत बघत.

"खरं?"

"दादा, मी..."

"खरं काय ते बोल."

"व्हय."

कृष्णदेवनं रुमालानं तोंड पुसलं, त्यानं तोंडाला आणखीच सिमेंट लागलं. शिडीवर नवीन उभा होता. उंच, मोठे केस, कपाळावर घाम. त्याला आत्याचं मराठी सगळं कळत होतं, बोलता मात्र येत नव्हतं.

"पापा," तो म्हणाला, "मो पा पु रेस्ते इसी. मो पे आल लोस्त्राली." मग, बापाला उगाच आशा राहायला नको म्हणून, अडखळत त्यानं आपल्या जवळ होती तेवढी मराठी गोळा केली. "मी... हितं न्हाय ऱ्हानार."

खाली अंगणात कामिनी भोपळ्याचे हात तसेच घेऊन उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तेवढ्यावरून त्याला कळलं की हे तिला आधीच ठाऊक होतं आणि अंधारात होता तो एकटाच.

"मग मी कुणासाठी बांदत व्हतो?" तो म्हणाला. ऑफिसातलं गुळगुळीत बोलणं गळून पडलं होतं आणि लहानपणीची बोली वर आली होती. "तिकडं मला किसना म्हणणारं एक मानूस न्हाय, आक्का. हापिसात मिस्ये, म्हंजे साहेब. घरात पापा. मराठीत बोलाय गेलो की पोरगा क्रिओलमधी उत्तर देतो. मला काय मजला नको व्हता. मला हितं मरायचं व्हतं. समुद्र ऐकत."

"मरायला मजला कशाला लागतो?" भगवती म्हणाली.

हे ऐकून चंद्रमोहनला हसू आलं आणि ते लपवायला तो खोकला.

"माज्या घरात खाट हाय. तुळशाच्या घरात वटा हाय. मर की खुशाल! पन त्याच्या आदी ये, बस, जेव, भांड. घर बांदून कशाला येतोस? तसाच ये." मग तिनं हात पुढं केला आणि त्याच्या दुमडलेल्या पँटचं टोक धरलं. "तुला कुनी सांभाळलं रं? आई कापणीला जायची. मी नऊ वर्सांची, तू गोनपाटावर, बांदाच्या कडंला. येकदा असा पाऊस आला की ऊस दिसंना. मी तुज्यावर वाकून बसले, आई येईस्तवर. पाठ आखडली माजी. त्या दिवसापासनं मी त्या बांदावर छप्पर बघतेय, किसना. आज पयल्यांदा खरं व्हतंय. तू त्याला भोक पाडू नको."

"बोलणं आवरा," चंद्रमोहन म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "सिमेंट धरतंय. मला भोक ठेवा म्हणा, ठेवतो. बुजवा म्हणा, बुजवतो. पन सळया कुठनं आणू बुजवाय? जाळी कापलीय हितली. शिल्लक लोखंड न्हाय."

ओल्या काँक्रीटची कड पेटीपासून हातभर अंतरावर आली होती. सगळे कृष्णदेवकडं बघत होते. तो कोपऱ्यावरच्या खांबाकडं बघत होता, ज्याच्या डोक्यावर सळया पुरुषभर उंच, आभाळात उभ्या होत्या. कित्येक रात्री त्यानं त्यांच्यावर मनातल्या मनात भिंती चढवल्या होत्या, रंग दिला होता, खिडकी काढली होती. भगवतीला ते सगळं दिसत होतं. तिला वाटलं, हा आता खाली उतरणार, मॉरिसमध्ये बसणार, त्याच्या मागं लॉरी जाणार आणि स्लॅब अर्ध्यावर राहणार. तसा तो गेला असता तर तिनं त्याला दोष दिला नसता.

"करवत कुठाय?" कृष्णदेवनं विचारलं. "लोखंडाची."

पहिली सळई त्यानं स्वतः कापली. त्याला सवय नव्हती, पातं सारखं सटकत होतं, आणि सळई थरथरत होती. तुलसीराम ओळ सोडून आला आणि त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.  दुसरी कापताना पातं तुटलं, नवीननं दुसरं आणलं, आणि मग तोही कापायला लागला. खालून कामिनी ओळीत शिरली. तुलसीरामची जागा रिकामी होती, ती तिनं घेतली, इस्त्रीची साडी आणि भोपळ्याचे हात घेऊन. पहिलीच बादली तिच्या पायावर सांडली. ती ओरडली, हसली, आणि दुसरी नीट दिली.

पेटी काढायची म्हणून भगवतीला दोघांनी दंडाला धरून उठवलं. बसून बसून तिचे पाय बधिर झाले होते. सळया भोकावर आडव्या पडल्या, तारेनं बांधल्या गेल्या, आणि त्यांच्यावर बादल्या रिकाम्या व्हायला लागल्या. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. निळ्या तावदानांची खिडकी ती बघत राहिली, शेवटच्या बादलीपर्यंत, आणि मग तिथं नुसतं आभाळ उरलं. तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

ऊन कलायच्या आत स्लॅब पुरी झाली. जोड राहिला नाही. केळीच्या पानांवर भात वाढला, कोळ्यांनी आपली रम आपल्यापुरती कोपऱ्यात उघडली, व्हाकवाचे मेहुणे सुरिनामच्या पोरांबरोबर फुटबॉलवरून भांडायला लागले. तुलसीराम सगळ्यांना आग्रह करत फिरत होता आणि मधेच थांबून घराच्या बोडक्या खांबांकडं बघत होता. गावात सळया नसलेलं ते एकच घर. पुढं लोक विचारतीलच, म्हणाला, काय सांगायचं. निर्मला म्हणाली, सांगायचं की ह्या घराची पोरं खालीच ऱ्हातात.

लॉरी भरली. मॉरिसमध्ये कामिनी जाऊन बसली, नवीननं गाडी सुरू केली, हॉर्न दिला. कृष्णदेव कुठंच दिसेना. रागावून समुद्राकडं गेला असेल, असं कुणी म्हणालं.  भगवती अंगण ओलांडून, बैठकीतून, दुकानातून, टेकूच्या बांबूंमधून वाट काढत मागं गेली.

तो तिच्या खोलीत होता. बांबूंच्या जंगलात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून, कुशीवर झोपला होता. हात गालाखाली, तोंड थोडं उघडं, पँट अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वरच्या फळ्यांमधून ओलसर गारवा खाली उतरत होता आणि बाहेर समुद्राचा आवाज होता. ती दारात उभी राहून किती तरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

पुन्हा हॉर्न वाजला. ती बाहेर आली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"दुस्मां! हळू! जावा तुमी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "झोपलाय तो."

"उठवा ना वन्सं," कामिनी म्हणाली. "उद्या हापीस हाय."

"झोपलेल्या पोराला उठवायचं न्हाय," भगवती म्हणाली, आणि आत जाऊन त्याच्या उशाशी बसली. त्या खोलीत झोपलेलं पहिलं पोर पन्नाशी उलटलेलं होतं.